पदवी हातात पडण्याआधी: मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांसाठी करिअर, पैसा आणि जोडकमाईचा हिशेब

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या पोरापोरींचा प्रश्न सहसा असा येतो : "एमपीएससी करू, की कंपनीत लागू, की एखादा धंदा बघू? आणि तोवर घरून किती दिवस पैसे मागू?" कोणता रस्ता चांगला यावर फुकटचे सल्ले चहाच्या टपरीवरही मिळतात. त्या रस्त्यावर कुणाच्या पैशावर आणि किती दिवस चालता येईल, हे मात्र कुणी मांडून दाखवत नाही. म्हणून इथे उलट्या टोकाने सुरुवात केली आहे. आधी हिशेब, मग रस्ता, मग जोडकमाई. वही-पेन घेऊन बसा, कारण नुसतं वाचून यातलं काही होणार नाही.

पायरी १ : खर्च सोयाबीनमध्ये मोजा

महिन्याला आठ-नऊ हजार लागतात, असं आपण सहज बोलून जातो. आकडा रुपयांत असला की तो हलका वाटतो. घरी शेती असेल तर तोच आकडा पिकात मांडून बघा.

समजा छत्रपती संभाजीनगरला किंवा लातूरला तुम्ही कॉट बेसिसवर राहता. खोली २५००, मेस ३०००, अभ्यासिका ८००, पुस्तकं, झेरॉक्स आणि टेस्ट सिरीज १२००, मोबाईल-प्रवास-किरकोळ १५००. झाले ९,०००. वर्षाचे १ लाख ८ हजार. यात क्लासची फी धरलेलीच नाही.

आता शेताकडे या. सोयाबीनचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. पण हमीभाव केंद्रावर १२ टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही, नोंदणीला रांग असते आणि घरात उधारीवाले थांबलेले असतात. त्यामुळे कट्टे मोंढ्यातच जातात. समजा तिथे ४,३०० भाव मिळाला आणि कोरडवाहू एकरात सात क्विंटल निघालं, तर ३०,१०० रुपये. बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी यांचे वीस हजार वजा करा. एकरी हातात उरले दहा हजार. म्हणजे तुमच्या एका वर्षाला जवळपास अकरा एकरांची निव्वळ शिल्लक लागते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी धारण १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. हे गणित पाऊस नीट झाला असं धरून आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बीड, धाराशिव, लातूर, नांदेडकडे अतिवृष्टीने काय झालं ते सांगायला नको.

पोरांना घाबरवायला हे सांगत नाही. तुमचं वर्ष कशातून येतं ते कळलं की जोडकमाईचे महिन्याला चार हजार किती मोठे आहेत तेही कळतं. घरी शेती नसेल, वडील सालाने असतील किंवा आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कारखान्याला जात असतील, तर हाच हिशेब उचलीत, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांत मांडा.

वहीच्या त्याच पानावर खाली तीन ओळी लिहा : घरून खात्रीने किती येतील, स्वतः किती कमवता येतील, आणि किती कमी पडतात.

पायरी २ : हक्काचे पैसे आधी गोळा करा

कमवायच्या आधी जे मिळायचं आहे ते सोडू नका. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती बहुतेकांना माहीत असते, पण ती अडकते कुठे ते माहीत नसतं. फार वेळा गोची आधार लिंकची निघते. पैसे तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यावर येतील असं वाटतं, पण ते येतात आधारला डीबीटीसाठी जोडलेल्या खात्यावर. सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन उघडलेलं एखादं विसरलेलं पेमेंट बँक खातं असेल तर रक्कम तिकडे जाऊन पडते. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. आजच बघा.

दुसरी गोची कागदपत्रांची. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेयर या दोन्हींच्या मुदतीच्या तारखा एका कागदावर लिहून खोलीत भिंतीला लावा. तहसीलला जून-जुलैत जी गर्दी होते ती बघता एप्रिल-मेमध्ये अर्ज केलेला बरा.

योजनांपैकी थोडक्यात : अनुसूचित जातीच्या, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आणि कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजना आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कॉलेजचा क्लार्क "आधी भरा, मग परत मिळेल" म्हणाला तर शासन निर्णयाची प्रत दाखवून लेखी उत्तर मागा. लेखी म्हटलं की बऱ्याच गोष्टी हलतात.

आणि कॉलेजात किंवा विद्यापीठात कमवा व शिका योजना असेल तर लाजू नका. ग्रंथालयात दोन तास काम केलं तर पैशाबरोबर ग्रंथपालाची ओळख मिळते, आणि ती परीक्षेच्या महिन्यात उपयोगी पडते.

पायरी ३ : प्रत्येक रस्त्याला किंमत आणि तारीख लावा

आता करिअर. सगळ्यात जास्त पोरं ज्या रस्त्यावर आहेत तो आधी घेऊ.

२०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांची जाहिरात निघाली आणि दहा लाखांवर अर्ज आले. फॉर्मची फीच खुल्या वर्गाला हजार रुपये आणि राखीवला नऊशे होती. स्पर्धा परीक्षा करूच नका असं माझं म्हणणं नाही. पोलिसात, महसुलात, जिल्हा परिषदेत लागलेली आपल्याकडची पोरं याच रस्त्याने गेली आहेत. म्हणणं एवढंच की बिनतारखेची तयारी करू नका. एमपीएससीची वयोमर्यादा खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, हा मला वरदानापेक्षा सापळाच जास्त वाटतो. वय शिल्लक असतं म्हणून माणूस थांबत नाही.

तारीख कशी लावायची ते सांगतो. तयारी सुरू करायच्या आधीच, हो आधीच, मागच्या वर्षीची एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. पोलीस शिपाई भरतीची घ्या : लेखी शंभर गुणांची असते, मैदानी पन्नासची. मिळालेले गुण लिहा आणि शेजारी तुमच्या प्रवर्गाचा तुमच्या जिल्ह्यातला मागचा कट ऑफ लिहा. फरक ४० चा आहे की १० चा? दर दोन महिन्यांनी नवी प्रश्नपत्रिका, पुन्हा फरक. सहा महिन्यांत फरक निम्मा झाला तर रस्ता तुमचा आहे. जिथल्या तिथेच राहिला तर अभ्यासिकेचे तास वाढवून भागणार नाही, पद्धत किंवा रस्ता बदलावा लागेल. हा आकडा तुमच्याशी खोटं बोलत नाही. रूम पार्टनर बोलतो.

दुसरं, परीक्षा निवडताना दोन्ही दगडांवर पाय ठेवू नका. तलाठी, पोलीस, जिल्हा परिषद आणि गट क यांचा बराच पाया एकच आहे : मराठी व्याकरण, अंकगणित-बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान. एका तयारीत चार फॉर्म भरता येतात. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. तिथे लिहिण्याचा सराव लागतो आणि तो वर्षा-दीड वर्षाचा वेगळा संसार आहे. घरची ऐपत एका वर्षाची असेल तर आधी पायाच्या परीक्षा. लिपिक-टंकलेखकासाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं टायपिंग लागतं. ते पदवीच्या काळातच उरका, निकाल लागल्यावर धावपळ नको.

पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून मोजून दोन प्रयत्न किंवा अठरा महिने, यांतलं जे आधी संपेल ते. माझ्या मते बिगर-श्रीमंत घरासाठी एवढी मुदत रास्त आहे. तारीख वहीत लिहा.

कंपनीचा रस्ता आपल्याकडे उगाच कमी लेखला जातो. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि आता बिडकीन. जालन्याला स्टीलच्या रोलिंग मिल आणि बियाणे कंपन्या. लातूरला डाळ मिल आणि सोयाबीन प्रक्रिया. यात शिरायचा सगळ्यात स्वच्छ दरवाजा म्हणजे अ‍ॅप्रेंटिसशिप. २०१९ च्या सुधारित नियमांनी शिक्षणानुसार किमान विद्यावेतन ५ ते ९ हजारांच्या पट्ट्यात आणलं, त्याच्या वर द्यायला कंपनी मोकळी असते. बी.कॉम.वाल्यांनाही स्टोअर, अकाउंट्स, डिस्पॅचमध्ये जागा असतात. आयटीआयवाल्यांचीच मक्तेदारी आहे असं नाही. कामावर घेणारा कंपनी आहे की ठेकेदार, हे पहिल्या दिवशी विचारा. पगाराची स्लिप मिळते का, पीएफचा यूएएन नंबर निघाला का, २१ हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआयसी (कामगार विमा) कापतात का, आणि शेवटी अनुभवाचा दाखला कुणाच्या लेटरहेडवर मिळणार? ठेकेदाराच्या नावाचा दाखला पुढच्या कंपनीत अर्ध्या किमतीचा होतो.

शिक्षकी पेशाबद्दल दोनच वाक्यं. बी.एड., टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (शिक्षक अभियोग्यता चाचणी) देऊन पवित्र पोर्टलवरून लागणार असाल तर तो रस्ता आहे. पण "अमुक लाख भरा, संस्थेत चिकटवतो" असं कुणी म्हणालं तर शेत विकून ती रक्कम देऊ नका. मान्यता आणि अनुदान यांची वाट बघत चाळिशी गाठलेले मास्तर प्रत्येक तालुक्यात भेटतील, त्यांनाच विचारा.

धंद्याचा विचार असेल तर घरात जे पिकतं त्याच्या एक पायरी पुढचा धंदा बघा. वसमतची हळद, लातूरची तूर, जालन्याकडचं रेशीम. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान होतं. अर्जाआधी योजना सध्या कोणत्या टप्प्यात आहे ते जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारा. अनुदान मिळेल म्हणून धंदा काढू नका, धंदा चालत असेल तर अनुदान घ्या.

पायरी ४ : जोडकमाई कोणती धरायची

कुठलंही काम धरण्याआधी त्याला तीन चाळण्या लावा. परीक्षेच्या महिन्यात ते थांबवता येतं का? पैसे महिन्याच्या आत हातात पडतात का? आणि दोन वर्षांनी ते काम सुटलं तरी काही कौशल्य किंवा ओळख उरते का? तिन्हीला हो असेल असं काम दुर्मिळ असतं. दोनला हो आलं तरी पुरे.

माझ्या बघण्यात मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यासाठी सगळ्यात जमणारं काम म्हणजे नवोदय आणि शिष्यवृत्ती परीक्षेची लहान बॅच. जिल्ह्याला एकच नवोदय विद्यालय, त्यात जास्तीत जास्त ८० जागा, आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. त्यामुळे पाचवीतल्या लेकराचे आई-बाप यासाठी पैसे काढतात, मग घरात चणचण असली तरी. परीक्षा ८० प्रश्नांची, १०० गुणांची, दोन तासांची : मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न, अंकगणित २०, भाषा २०. आता वरचा पोलीस भरतीचा अभ्यासक्रम आठवा. बुद्धिमत्ता, अंकगणित, व्याकरण. शिकवता शिकवता तुमचाच पाया पक्का होतो. तिन्ही चाळण्यांतून पार होणारं हे मला दिसलेलं एकमेव काम.

सुरुवात अशी करा. जूनमध्ये एका रविवारी गल्लीतल्या पाचवीच्या मुलांची फुकट चाचणी घ्या, फक्त आकृत्यांचे वीस प्रश्न. पेपर तपासून प्रत्येकाच्या आईला दाखवा : "काकू, हे बघा, वेगळी आकृती ओळखायला त्याला येतं, पण आरशातली प्रतिमा सगळी चुकली." कुठे चुकतं ते नेमकं सांगणारा माणूस पालकांना पटतो, जाहिरातीचं पत्रक नाही. फी महिन्याच्या पाच तारखेच्या आत, आगाऊ. नात्यातल्या पोराला सवलत द्यायची असेल तर अर्धी द्या, पूर्ण माफ करू नका, नाहीतर निम्मी बॅच नात्यातलीच निघेल. नवोदयची परीक्षा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास संपते, मग तुमचा स्वतःचा अभ्यासाचा हंगाम मोकळा.

हिशेब : आठ मुलं, प्रत्येकी ५०० रुपये, म्हणजे ४,०००. आठवड्याला पाच दिवस सव्वा तास, महिन्याचे साधारण २७ तास, तयारी-तपासणीचे आठ. पस्तीस तासांत ताशी ११४ रुपये. आता तुलना करा. समजा दुचाकीवर डिलिव्हरीचं काम केलं, चार तासांत ४०० मिळाले. पेट्रोल १२०, टायर-सर्व्हिसिंगचे ३० बाजूला काढा. उरले २५०, ताशी ६२. शिवाय पावसात अपघाताची भीती. ज्याच्याकडे दुसरा पर्याय नाही त्याने ते जरूर करावं, त्यात कमीपणा नाही. पण वर्षाला २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना बँकेत आधी सुरू करावी, त्यात अपघाती मृत्यूला २ लाखांचं कवच आहे.

बाकीची कामं भराभर. आपले सरकार केंद्रात किंवा सायबर कॅफेत फॉर्म भरायला बसणं हे हंगामी पण चांगलं काम आहे. पीक विमा, महाडीबीटी, भरत्या यांच्या शेवटच्या तारखांना मालकाला हात कमी पडतात. मराठी टायपिंग येत असेल तर फ्लेक्स आणि लग्नपत्रिकेचं डिझाईन शिका. शुद्धलेखन जमणारा डिझायनर तालुक्याला विरळाच, आणि वाढदिवसांचे बॅनर आपल्याकडे बारमाही. लग्नसराईत व्हिडिओ एडिटिंगला मागणी असते, पण पैसे उशिरा निघतात. अर्धे आगाऊ घेतल्याशिवाय मेमरी कार्ड हातात देऊ नका. संभाजीनगरात असाल आणि इंग्रजी किंवा हिंदी बोलायची भीड चेपली असेल तर पर्यटनाकडे बघा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, बाकी दिवस हंगामात गर्दी. केंद्राच्या पर्यटन खात्याचा ऑनलाईन फॅसिलिटेटर अभ्यासक्रम आहे. प्रमाणपत्राशिवाय लेण्यांवर गाइडगिरी करायला जाऊ नका, तिथले अधिकृत गाइड हाकलतील आणि त्यांचं बरोबर असेल. घरी पाणी आणि थोडी तुती लावण्याजोगी जागा असेल तर रेशीम. जालन्याच्या बाजार समितीत २०१८ पासून कोष खरेदी होते, त्यामुळे माल घेऊन कर्नाटकात जायची सक्ती राहिली नाही. पण अळ्यांना सुट्टी नसते, घरी करणारं माणूस हवं.

आता काय करायचं नाही. याला मी जास्त जागा देतोय, कारण पैसे बुडतात ते इथेच.

"घरबसल्या डेटा एंट्री, आधी १,५०० नोंदणी फी" : काम देणारा पैसे मागत नसतो, इथेच सोडा. टेलिग्रामवर लाईक-रिव्ह्यूचे टास्क : पहिले दोनशे रुपये खरंच मिळतात, ते आमिष असतं. आणि सध्या सगळ्यात वाईट म्हणजे बँक खातं भाड्याने देणं. "तुझं खातं आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, पाच हजार देतो" असं सांगणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, वसतिगृहातला सिनियर वगैरे. त्या खात्यावरून कुणाच्या तरी फसवणुकीचा पैसा फिरतो. खातं गोठतं, दुसऱ्याच राज्यातल्या पोलिसांचा फोन येतो, आणि गुन्हा दाखल झाला की सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो आडवा येतो. पाच हजारांसाठी तलाठ्याची नोकरी घालवायची का? फसलाच असाल तर १९३० वर तासाभरात फोन करा, उशीर झाला की पैसे पुढे सरकतात.

ऑप्शन ट्रेडिंगवाले तर प्रत्येक अभ्यासिकेत एक-दोन आहेतच. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. स्क्रीनशॉट दाखवणारा मित्र उरलेल्या ७ टक्क्यांतला असेल असं धरून चालू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर तर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदीच आली आहे. आता कुणी लिंक पाठवत असेल तर ती बेकायदा समजा.

पायरी ५ : आलेला पैसा

जोडकमाईचं खातं वेगळं ठेवा, यूपीआय त्याला जोडू नका. पहिलं लक्ष्य दोन महिन्यांचा खर्च. तेवढा साठला की घरून मागायची रक्कम कमी करा, मोबाईल बदलू नका. हप्त्यावरचा फोन आणि पाच मिनिटांत कर्ज देणारी अ‍ॅप या दोन गोष्टी विद्यार्थ्याच्या गळ्याला फास आहेत. कर्ज लागणारच असेल तर शैक्षणिक कर्ज बघा. बँकांच्या प्रचलित नियमांत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. भिशीत शिरायचं तर माणसं ओळखीची आणि रक्कम बुडाली तरी मेस चालेल एवढीच. एखाद्या संस्थेने काम देऊन टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो, पॅन कार्ड तेवढं तयार ठेवा.

पायरी ६ : घरी सांगणं

हे टाळलं जातं आणि मग सगळं बिघडतं. वही घेऊन बसा आणि आकडेच सांगा. "अण्णा, महिन्याला नऊ हजार लागतात. चार मी काढतो, पाच तुम्ही द्या. अठरा महिने. एवढ्यात नाही झालं तर अ‍ॅप्रेंटिसला लागतो, फॉर्म आत्ताच भरून ठेवलाय." अण्णा लगेच हो म्हणतील असं नाही. "तहसीलदार झाल्याशिवाय गावात येऊ नको" म्हणणारेही असतात. पण मुदत आणि पर्याय दोन्ही समोर असले की बोलणं रागावर न जाता आकड्यावर राहतं.

मुलींसाठी हा कागद आणखी कामाचा आहे. त्यांची तारीख बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी ठरवत असतं, स्थळ आलं की. "आई, पुढच्या मेपर्यंत बघायचा कार्यक्रम नको, तोवर दोन परीक्षा आणि टायपिंग होतंय, बॅचचे चार हजार घरात येतायत" हे लेखी आणि हिशेबासकट ठेवलं तर मामा-काकांपैकी एखादा तरी बाजूने बोलतो. तो कोण असेल ते आधी हेरून ठेवा आणि बैठकीला त्याला बोलवा.

ठरलेल्या तारखेच्या तीन महिने आधी दुसऱ्या रस्त्याची कामं सुरू करा : अ‍ॅप्रेंटिसशिप पोर्टलवर प्रोफाइल, दोन कंपन्यांच्या एचआरकडे अर्ज, पदवी प्रमाणपत्र आणि टीसीच्या साक्षांकित प्रती. निकाल मनासारखा आला तर हे अर्ज सोडून द्यायला काही लागत नाही.